तारीक गार्डन: आधीची सात वर्षं, नंतरचे चाळीस तास

रायगड जिल्ह्यातल्या महाडच्या काजळपुरा भागातली ‘तारीक गार्डन’ ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी, सोमवारी संध्याकाळी ६.५० च्या सुमारास कोसळली. सोळा माणसं गेली. इमारत जुनी नव्हती. उभी राहून जेमतेम सात वर्षं झाली होती. पंचेचाळीसच्या वर फ्लॅट, त्यात नोकरदार, दुकानदार, आखातात कमावणाऱ्यांची कुटुंबं. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेली घरं.

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात बसून महाडबद्दल का लिहायचं, तर दोन्ही गावांचा कारभार एकाच कायद्याने चालतो: महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. मुंबई-पुण्यासारखी महापालिका दोन्हीकडे नाही. लहान नगरपालिका, बदलीवर येणारा मुख्याधिकारी, बांधकाम विभागात मोजकी माणसं. बांधकामाचा अर्ज ज्या टेबलांवरून फिरतो ती टेबलं महाडात आणि सावद्यात सारखीच आहेत. म्हणून महाडचा घटनाक्रम आपल्याला तोंडपाठ असायला हवा. तो त्या सोमवारी संध्याकाळी सुरू झाला नाही.

सात वर्षं आधी: २०१३

तारीक गार्डनचं काम पूर्ण होत होतं ते हेच वर्ष. याच वर्षी महाराष्ट्राला इमारतींनी दोनदा हादरवलं.

४ एप्रिलला ठाण्याजवळ शीळफाट्याला ‘लकी कंपाउंड’मधली इमारत पडली. काही महिन्यांत आठ मजल्यांपर्यंत चढवलेलं, परवानगी नसलेलं बांधकाम. वर काम चालू आणि खाली माणसं राहायला आलेली. ७४ मृत्यू. अटक झालेल्यांत बिल्डरांच्या बरोबरीने महापालिकेचे अधिकारी आणि पोलीसही होते. २७ सप्टेंबरला पहाटे मुंबईत डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत पडली. ६१ मृत्यू. ही तर खुद्द मुंबई महापालिकेच्या मालकीची इमारत, आणि राहणारे बहुतेक महापालिकेचेच कर्मचारी व त्यांची कुटुंबं. घरमालक सरकार, भाडेकरू सरकारी नोकर, तपासणी करणारंही सरकारच. तरीही खालच्या मजल्यावरच्या गोदामातले फेरफार वेळेत कुणी थांबवले नाहीत.

या दोन दुर्घटनांनंतर मुंबई-ठाण्यात धोकादायक इमारतींच्या याद्या, नोटिसा, संरचनात्मक तपासणी यांवर बोलणं वाढलं. पण सगळा प्रकाश दोन प्रकारच्या इमारतींवर पडला: अनधिकृत आणि जुन्या. तिसरा प्रकार अंधारातच राहिला. नवी, कागदोपत्री व्यवस्थित, पण आतून कच्ची इमारत. महाडात नेमकी तीच उभी राहत होती.

इथे जरा थांबून ही आतली गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण सगळा प्रश्न इथेच आहे. आरसीसीच्या घरात भिंती भार उचलत नाहीत, कॉलम उचलतात. कॉलममध्ये उभ्या सळ्या असतात आणि त्यांना ठरावीक अंतरावर आडव्या रिंगा बांधलेल्या असतात. रिंगा लांब लांब टाकल्या, तर भार वाढल्यावर उभ्या सळ्या बाहेरच्या बाजूला वाकतात आणि काँक्रीट फुटतं. काँक्रीट कालवताना पाणी जास्त ओतलं, म्हणजे ते ओतायला सोपं जातं, पण सुकल्यावर पोकळ राहतं. वाळू खारी असेल, तर आतली सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि भोवतीचं काँक्रीट उडवते. भरलेल्या कॉलमवर पुरेसे दिवस पाणी मारलं नाही, तर त्याची ताकद अर्धवटच राहते. एकदा गिलावा होऊन रंग लागला, की यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही. फ्लॅट घेणारा नळ उघडून बघतो, फरशीवर हात फिरवतो, खिडकीतून वारा येतो का पाहतो. कॉलमच्या आत काय आहे ते त्याला कळण्याचा मार्गच नाही.

कळू शकतं ते काम चालू असताना, आणि तपासायचं ठरवलं तर ते महागही नाही. काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं १५० मिलिमीटरच्या चौकोनी साच्यात भरायचं, २८ दिवस पाण्यात ठेवायचं आणि यंत्राखाली दाबून फोडायचं. एम-२० दर्जाच्या काँक्रीटने दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटनचा दाब सोसला पाहिजे. महाडपासून फार लांब नाही अशा लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. आमच्याकडे फैजपूरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन आहे. यंत्रं आणि जाणकार आपल्या जिल्ह्यातच आहेत. कमी आहे ती सक्तीची. खासगी बांधकामावर कॉलम भरला जात असताना नगरपालिकेचा माणूस तिथे उभा असलाच पाहिजे, त्याने रिंगांचं अंतर मोजलंच पाहिजे, अशी रीत लहान गावांत कुठे दिसते?

रीत आहे ती अशी. मालक वास्तुविशारदाकडून नकाशा करून घेतो. आरसीसी सल्लागार रचनेचं प्रमाणपत्र देतो. नगरपालिका नकाशा बघते: समोर किती जागा सोडली, मजले किती, चटईक्षेत्र किती. काम झालं की वास्तुविशारद पूर्ण झाल्याचा दाखला देतो आणि नगरपालिका भोगवटा प्रमाणपत्र देते. मापं तपासली जातात. मजबुती मात्र ज्याने त्याने स्वतःच्या सहीने कळवायची आणि ती फाईलला लावायची. बांधणारा, आराखडा देणारा आणि प्रमाणपत्र देणारा हे तिघेही एकाच माणसाच्या पैशावर काम करत असतात. चौथी, स्वतंत्र नजर असायला हवी ती सरकारची.

सावद्याच्या केळीचा घड वॅगनमध्ये किंवा ट्रकमध्ये चढण्याआधी व्यापारी तो उलटासुलटा करून बघतो, डाग दिसला की बाजूला काढतो. ज्या कॉलमवर पाच मजले आणि दोनशे माणसं उभी राहणार, त्याला बाजूला काढण्याचं काम आपण कुणाकडेही दिलेलं नाही.

चार वर्षं आधी: २ ऑगस्ट २०१६

महाडलाच, मुंबई-गोवा महामार्गावर, सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल रात्री पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन बस आणि इतर वाहनं नदीत गेली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला धोकादायक नसल्याचा निष्कर्ष निघाला होता. नवा पूल सरकारने १६५ दिवसांत बांधून दाखवला. मनात आणलं तर किती वेगाने काम होतं ते महाडकरांनी पाहिलं. पाहणीचा कागद आणि दगडातली खरी अवस्था यांत किती अंतर असू शकतं, तेही याच गावाने पाहिलं होतं. पुलाचा धडा पुलांपुरताच राहिला. काजळपुऱ्यातल्या इमारती कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं, त्या तर नव्या होत्या.

दोन वर्षं आधी: २०१८

घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या रेरा कायद्याच्या १४ व्या कलमात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेत दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत, फुकट दुरुस्त करून द्यावा असं म्हटलं आहे. महाराष्ट्रात तो राबवणारं महारेरा प्राधिकरण १ मे २०१७ पासून कामाला लागलं. तारीक गार्डन त्याच्या आधीची. पण रेरा तिला लागू झाला असता, तरी २०१३ पासूनची पाच वर्षं २०१८ मध्ये संपली असती.

आता दुसरं टोक बघा. १९६५ च्या अधिनियमात नंतर घातलेल्या तरतुदीनुसार इमारत ३० वर्षांची झाली की मालकाने नोंदणीकृत अभियंत्याकडून मजबुतीचं प्रमाणपत्र घ्यायचं असतं. म्हणजे पहिली पाच वर्षं बिल्डर जबाबदार, तिसाव्या वर्षानंतर तपासणी सक्तीची. मधली पंचवीस वर्षं इमारतीकडे वळून बघण्याचं कायदेशीर बंधन कुणावरही नाही. याच अधिनियमाच्या १९५ व्या कलमाने धोकादायक इमारत रिकामी करायला, पाडायला लावण्याचे अधिकार मुख्याधिकाऱ्याला दिले आहेत. ते वापरायला इमारत धोकादायक आहे हे आधी कुणाला तरी दिसावं लागतं. पावसाळ्यापूर्वी गावोगाव जी यादी निघते, तीत वाकलेल्या भिंती, कुजलेली लाकडं, मातीची जुनी घरं असतात. रंग दिलेली पाच मजली इमारत त्या यादीत येत नाही.

तारीक गार्डन सातव्या वर्षी पडली. दोन्ही मुदतींच्या मधल्या काळात.

८२ दिवस आधी: ३ जून २०२०

निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. कौलं, पत्रे, सुपारीच्या बागा, विजेचे खांब आडवे झाले. त्यानंतर पंचनामे झाले ते छप्पर उडालेल्यांचे, भिंत पडलेल्यांचे. ते बरोबरच होतं, त्यांना मदतीची तातडी होती. उभ्या असलेल्या आरसीसी इमारतींना मात्र त्या वेळी कुणी हात लावून पाहिल्याचं ऐकिवात नाही. उभी आहे म्हणजे भक्कम आहे, हा समज सरकारचा आणि आपला एकच आहे.

दोन दिवस आधी: २२ ऑगस्ट

गणेश चतुर्थी, शनिवार. करोनाचं वर्ष. एरवी मुंबईहून गाड्या भरून कोकणात उतरणारी माणसं त्या वर्षी ई-पास आणि विलगीकरणाच्या नियमांत अडकलेली. शाळा बंद, मुलं घरात, कामधंदे अर्धे. मुसलमान घरांत मोहरमचा महिना नुकताच लागला होता. संध्याकाळच्या वेळी त्या वर्षी माणसं घरातच असायची.

शेवटची मिनिटं: सोमवार, २४ ऑगस्ट

दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. संध्याकाळ झालेली. इमारत हादरल्याचं जाणवलं आणि अनेक जण हाती येईल त्याला घेऊन, काही जण शेजाऱ्यांची दारं ठोठावत, खाली धावले. मृतांचा आकडा सोळावर थांबला तो या माणसांमुळे. कुणाची नोटीस आलेली नव्हती, भोंगा वाजला नव्हता, नगरपालिकेचा माणूस आला नव्हता. पायाखालची फरशी हलली हीच काय ती सूचना. जे वरच्या मजल्यांवर होते, ज्यांना चालवत नव्हतं, ज्यांच्या कडेवर मुलं होती, त्यांना ती अपुरी पडली.

६.५०

कॉलम दबला की त्याच्यावरचा भार शेजारच्या कॉलमवर जातो. तोही त्याच काँक्रीटचा, त्याच हातांनी भरलेला असतो. त्यामुळे तोही टिकत नाही. मग वरचा स्लॅब खालच्या स्लॅबवर येतो, आणि खालच्याला दोन मजल्यांचं वजन एकदम सोसण्याची ताकद कधीच दिलेली नसते. चांगल्या रचनेत एखादा कॉलम निकामी झाला तरी बाकीचे सावरून धरतात, इमारत वाकते, भेगाळते, माणसांना बाहेर पडायला तास मिळतात. इथे मिनिटंसुद्धा पुरेशी मिळाली नाहीत. धुळीचा लोट खाली बसला तेव्हा पाच मजल्यांच्या जागी ढिगारा होता.

पहिले पाच-सहा तास

पहिले धावले ते काजळपुऱ्यातले आणि आजूबाजूच्या मोहल्ल्यांतले, आळ्यांतले तरुण. मग पोलीस, अग्निशमन दल, जेसीबी. पाऊस अधूनमधून होताच. आत किती जण अडकले याचा अंदाज सुरुवातीला दोनशेपर्यंत सांगितला गेला. नावं जुळवता जुळवता तो झपाट्याने खाली आला. फ्लॅटनिहाय माणसांची यादी रात्रीच्या अंधारात, नातेवाइकांना फोन लावून करावी लागली.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तीन तुकड्या पुण्याहून निघाल्या, श्वानपथक आणि काँक्रीट कापायच्या यंत्रांसह. पावसाळ्यातला घाट उतरून पोहोचेपर्यंत मध्यरात्र झाली. ढिगाऱ्याखाली जिवंत असलेल्या माणसासाठी हे पहिले तास सगळ्यात मोलाचे असतात.

आपल्याकडचा हिशेब इथे करून ठेवायला हवा. सावद्याहून पुणे चारशे किलोमीटरच्या आसपास. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्याला असते, तेही सव्वाशे-दीडशे किलोमीटर. रावेर-यावल पट्ट्यात रात्री इमारत पडली, तर पहिले काही तास गावातली पोरं, ट्रॅक्टर, केळीच्या बागेतून काढून आणलेल्या कुदळी आणि जवळपासचा जेसीबी यांच्यावरच जाणार आहेत. म्हणूनच आधी रोखणं हेच आपल्यासाठी बचावकार्य आहे.

साडेअठरा तास: मंगळवार, २५ ऑगस्ट, दुपारी दीडच्या सुमारास

चार वर्षांचा एक मुलगा ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर आला. जवानांनी त्याला उचललं तेव्हा आजूबाजूच्या गर्दीने टाळ्या वाजवल्या, माणसं रडली. त्याची आई आणि बहिणी मात्र वाचल्या नाहीत. देशभर तो फोटो गेला. त्या फोटोने सगळ्यांना हायसं वाटलं हे खरं आहे, आणि त्याचबरोबर हेही खरं की त्या मुलाचं घर ज्यांच्या सह्यांवर उभं होतं, त्या सह्यांचा कागद कुणाच्याही पडद्यावर आला नाही.

त्याच दिवशी नगरविकास खात्याचे तेव्हाचे मंत्री एकनाथ शिंदे आणि तेव्हाच्या पालकमंत्री अदिती तटकरे घटनास्थळी होते. तेव्हाचे मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी मृतांच्या वारसांना चार लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपयांची मदत जाहीर केली. हे पैसे आपत्तीची मदत म्हणून दिले गेले. पूर येतो, वीज पडते, तेव्हा जे शीर्ष उघडतं, त्यातूनच. सरकार इथे उदार शेजाऱ्याच्या जागी उभं राहतं. पण तारीक गार्डन ही आकाशातून पडलेली आपत्ती नव्हती. त्या इमारतीला राहायला योग्य ठरवणारी यंत्रणा सरकारची होती, आणि तिने आपलं काम केलं नसेल तर द्यायची ती भरपाई, हक्काची.

अशी भरपाई अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. न्यूझीलंडमध्ये १९९० नंतर बांधलेली हजारो घरं गळकी निघाली, लाकडी सांगाडे कुजले. ‘सनसेट टेरेसेस’ या वसाहतीच्या खटल्यात २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बांधकाम तपासून मंजूर करणारी नगरपरिषद घरमालकांप्रती जबाबदार आहे. तपासणीत हलगर्जी झाली असेल तर तिने पैसे मोजायचे. इंग्लंडमध्ये १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवर जळला, ७२ माणसं गेली. सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला, आणि त्याने दोष फक्त आवरण बसवणाऱ्या कंपन्यांवर टाकला नाही. अनेक वर्षं इशारे मिळूनही नियम न सुधारणाऱ्या केंद्र सरकारचं नाव त्यात स्पष्ट आहे.

२६ तास: मंगळवारी रात्री

साठीतली एक महिला ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येक कुटुंबाची आशा त्या एका बातमीवर पुन्हा जागी झाली. त्यानंतर मात्र निघत गेले ते मृतदेहच.

याच सुमारास महाड शहर पोलीस ठाण्यात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला होता. आरोपींत बिल्डर, वास्तुविशारद आणि आरसीसी सल्लागार होते, आणि त्यांच्या जोडीला नगरपालिकेचे तत्कालीन मुख्याधिकारी आणि बांधकाम पर्यवेक्षक. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल. पण आरोपींच्या यादीची रचना नीट बघण्यासारखी आहे. बांधणारा, आखणारा, ताकदीची हमी देणारा, आणि ती हमी स्वीकारणारं सरकार. सहीची पूर्ण साखळी एका एफआयआरमध्ये आली.

चाळीस तास: बुधवार, २६ ऑगस्ट

दुपारच्या सुमारास बचावकार्य थांबलं. सोळा मृत. वाचलेल्यांकडे अंगावरचे कपडे उरले. घरावरचं कर्ज इमारतीबरोबर कोसळत नाही, बँकेचा हप्ता पुढच्या महिन्यात येतोच.

आणि महिनाही पुरा झाला नव्हता तोच, २१ सप्टेंबरला पहाटे भिवंडीत जिलानी इमारत झोपेतल्या माणसांवर पडली. तिथे मृतांचा आकडा चाळिशीपर्यंत गेला.

दीड वर्षानंतर: २६ फेब्रुवारी २०२२

भिवंडीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. ती चालू असतानाच ९ जून २०२१ च्या रात्री मालाडच्या मालवणीत घर कोसळून बारा जण गेले, त्यांत लहान मुलंच जास्त. न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती जे. पी. देवधर यांच्याकडे चौकशी सोपवली. फेब्रुवारी २०२२ च्या निकालात मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने सुरक्षित घराला जगण्याच्या हक्काशी जोडलं, आणि बेकायदा बांधकामांकडे डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यांना उत्तरदायी धरायला सांगितलं.

मोठा निकाल आहे. पण त्याचा रोख पुन्हा बेकायदा आणि मोडकळीला आलेल्या इमारतींवर आहे, आणि समोर महापालिका आहेत. डिसेंबर २०२० मध्ये आलेली एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली नगरपालिकांनाही लागू झाली, मापांचे नियम राज्यभर सारखे झाले. कॉलममधल्या रिंगा मोजायला कोण जाणार, हा प्रश्न लहान गावांसाठी होता तिथेच आहे.

इकडे, सावद्यात

सावदा, फैजपूर, रावेर, यावल. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत धाब्याची घरं उतरवून आरसीसीची घरं उभी राहिली, आता तीन-चार मजली फ्लॅट आले. धाब्याच्या घराचा दोष डोळ्यांना दिसायचा: सर वाकायची, खांडाला वाळवी लागायची, पाऊस पाझरायचा, आणि घरची बाई पावसाळ्याआधी वर माती घालून घ्यायला लावायची. आरसीसीचा दोष रंगाखाली राहतो. त्यात आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. पाया पुरेसा खोल नेला नाही, काळी माती काढून मुरूम भरला नाही, तर घर दरवर्षी वर-खाली होतं आणि भिंतीत तिरक्या भेगा पडतात. माती बघून पाया ठरवायचा असतो हे इथल्या प्रत्येक गवंड्याला ठाऊक आहे. फाईलमध्ये मात्र माती तपासल्याचा कागद किती वेळा असतो?

खान्देशाने सरकारी घरांचा एक मोठा खटला पाहिला आहे. जळगावच्या घरकुल प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी धरलं, त्यांत माजी मंत्री होते, नगरसेवक होते. पैशाच्या अपहारासाठी सभागृहात हात वर करणाऱ्यालाही जाब विचारता येतो, हे त्यातून दिसलं, भले त्याला वीस वर्षं लागली असोत. सिमेंटच्या अपहारासाठी, न मारलेल्या रिंगेसाठी तोच जाब माणसं मरण्याआधी विचारता आला पाहिजे.

माझी मागणी लहान आहे आणि नेमकी आहे. तीन मजल्यांवरच्या प्रत्येक इमारतीत पाया आणि प्रत्येक मजल्याचे कॉलम भरण्याआधी बिल्डरशी पैशाचा संबंध नसलेल्या अभियंत्याने जागेवर येऊन तारखेसह शेरा लिहावा. त्याची फी परवानगीच्या शुल्कातून नगरपालिकेने द्यावी. काँक्रीटच्या चाचण्यांचे निकाल फाईलला लावल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये. आणि तिसाव्या वर्षाची वाट न बघता पहिली तपासणी पाचव्या वर्षी, रेराची हमी संपायच्या आत व्हावी, म्हणजे दोष निघाला तर खर्च बिल्डरच्या अंगावर जाईल. जागेवरच्या पाहणीसाठी आणि काँक्रीटच्या चाचण्यांसाठी जिल्ह्यातलीच महाविद्यालयं आणि त्यांच्या प्रयोगशाळा कामाला लावता येतील.

हे होईपर्यंत फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने एक गोष्ट आजच करावी. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या इमारतीची बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, आणि काम चालू असताना नगरपालिकेने केलेल्या प्रत्येक पाहणीची तारीख व पाहणाऱ्याचा हुद्दा, एवढं मागावं. पाहणीच झाली नसेल तर तसं लेखी मागावं. एरवी उत्तराला तीस दिवस असतात. पण माहिती कुणाच्या जीविताशी संबंधित असेल, तर माहिती अधिकार कायद्याच्या ७ व्या कलमानुसार ती ४८ तासांत द्यावी लागते. ज्यांच्या कॉलमला भेग गेली आहे, त्यांनी अर्जाच्या पहिल्या ओळीत हे कलम लिहावं आणि पोच घेतल्याशिवाय नगरपालिकेतून निघू नये.